नाइटला शिलेदार म्हणावं का? (घोडा नसताना)

उंबरठा:
आमच्या छोट्याशा फिल्म क्लबात येत्या रविवारी 'मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल' (१९७५) हा इंग्रजी विनोदी सिनेमा पुन्हा दाखवायचा आहे. मागच्या खेपेला निम्मी मंडळी पोट धरून हसली आणि निम्मी मध्यंतरात चहा पिऊन परस्पर घरी गेली. म्हणून यंदा आधी पानभर मराठी टिपण वाटायचं ठरलं आणि ते माझ्या गळ्यात पडलं. मी लिहिलं, 'आर्थर राजा आणि त्याचे शिलेदार'. क्लबातल्या एका काकांनी 'शिलेदार'वर लाल रेघ मारली. म्हणाले, "ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. यांच्याकडे घोडा आहे कुठे?"

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: घोड्यांना पैसे नव्हते. त्यामुळे राजा आणि त्याचे नाइट (knight, म्हणजे मध्ययुगीन युरोपातले घोडेस्वार योद्धे) घोड्यावर बसल्यासारखे दुडूदुडू उड्या मारत चालतात आणि मागून येणारा चाकर नारळाच्या दोन करवंट्या आपटून टापांचा आवाज काढतो. काका म्हणतात त्यात तथ्य आहे, पण मग शब्द कुठला घालू? पत्रक शुक्रवारी छापायला जायचंय.

जुनापुराणा:
काका बरोबर आहेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा. शिलेदार घोडा स्वतःचा आणतो, बारगिराला तो सरकारी पागेतून मिळतो. शिवाजी महाराजांवरच्या सभासदाच्या बखरीत पागेची सगळी रचना आहे: पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार, त्यांच्यासाठी एक पखालजी (पाणी वाहणारा) आणि एक नालबंद (घोड्यांना नाल ठोकणारा). ज्या सैन्यात नालबंदाला कामच नाही ते घोडदळ कसलं? 'सरदार' लिहा आणि मोकळे व्हा.

अनुस्वार:
सरदार म्हटलं की आमच्या नागपुरात निराळंच काहीतरी डोळ्यांसमोर येतं भाऊ. शिवाय सरदार म्हणजे हाताखाली माणसं असलेला. यांच्या हाताखाली एक नारळवाला.

खलबत्ता:
'शिलेदार' शब्दात घोडा आहे कुठे? मूळ 'सिलाहदार'. सिलाह म्हणजे हत्यार, दार म्हणजे बाळगणारा. हत्यारबंद माणूस, बस्स. तलवारी तर त्या सगळ्यांकडे आहेत. उलट बारगीर बघा. फारसीत बार म्हणजे ओझं आणि गीर म्हणजे घेणारा, उचलणारा. ओझ्याच्या जनावरालाही तिकडे बारगीर म्हणतात. आर्थरच्या मागे पाठीवर डोंगराएवढं बोचकं घेऊन करवंट्या बडवत येतो तो चाकर खरा बारगीर! ओझंही तोच आणि घोडाही तोच.

जुनापुराणा:
वा. म्हणजे इतके दिवस 'रूढार्थच खरा' म्हणून माझ्याशी भांडणारे खलबत्तेसाहेब आज व्युत्पत्तीच्या आडोशाला गेले. शब्दाचा अर्थ वापरात ठरतो हे तुमचंच वाक्य.

खलबत्ता:
ठीक, वापरावर येऊ. वर्तमानपत्र उघडा. 'पक्षाचे निष्ठावंत शिलेदार मैदानात'. त्यातल्या किती जणांकडे घोडा असतो? स्कॉर्पिओ असते.

पागोटे:
ते 'निष्ठावंत शिलेदार' तर मला कायम खटकतं. शिलेदार हा मुळात मोकळा गडी. घोडा आणि हत्यार त्याचं, त्यामुळे पटलं नाही तर उद्या दुसऱ्याच्या चाकरीला जायला मोकळा. निष्ठेची खात्री धरायची तर बारगिराची, कारण घोडाच धन्याचा. महाराजांनी पागेवर भर दिला आणि शिलेदारांना पागेच्या नजरेखाली ठेवलं ते उगाच नाही. आपण आज नेमका उलटा शब्द उचलून निष्ठेचं बाशिंग बांधलंय.

आणि खऱ्या इतिहासातला युरोपातला नाइट घोडा आणि चिलखत बाळगायचा ते जमिनीच्या उत्पन्नावर, त्याबदल्यात धन्याची चाकरी. हे आपल्या सरंजामाला जवळचं आहे. त्या व्यवस्थेला मराठीत आपण 'सरंजामशाही' म्हणतोच, मग नाइटला 'सरंजामदार' म्हणायला हरकत काय?

अनुस्वार:
'आर्थर राजा आणि त्याचे सरंजामदार'. विनोदी सिनेमा आहे म्हणता ना? हे कुळकायद्यावरचं परिसंवादपत्र वाटतंय.

सोवळे:
मूळ दुखण्याकडे कोणी बघतच नाही. शिलेदार, बारगीर, सरदार, सगळे शब्द परके. छत्रपतींनी राज्यव्यवहारकोश (फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा) करवून घेतला तो कशासाठी? आपला 'राऊत' आहे की. राजपुत्र या शब्दापासून आलेला, घोडेस्वार याच अर्थाचा, जुन्या मराठीत राजरोस वापरलेला. 'आर्थर राजा आणि त्याचे राऊत'. किती गोड वाटतं.

अनुस्वार:
आमच्या गल्लीत तीन राऊत आहेत. एकाची पिठाची गिरणी आहे.

पागोटे:
सोवळेकाका, कोशाबद्दल आदर आहेच. सरनौबताचा सेनापती झाला, डबिराचा सुमंत झाला, पेशव्याचा पंतप्रधान झाला. पण राज्याभिषेकानंतर वीसेक वर्षांनी जिंजीला बसून लिहिणारा सभासदही बारगीर आणि शिलेदारच लिहितो. आणि पंतप्रधान शनिवारवाड्यात राहायला गेले ते पेशवे म्हणूनच. लोकांनी घेतला तर शब्द, नाहीतर यादी.

सोवळे:
'दिग्दर्शक' आणि 'मध्यंतर' हे शब्द सावरकरांच्या नावावर आहेत. पहिल्याच पोस्टमध्ये 'मध्यंतरात चहा' असं सहज लिहिलंय की नाही? घेतले लोकांनी. प्रयत्न करणारा लागतो.

उंबरठा:
मुद्दा मान्य. (ते 'मध्यंतर' खरंच लक्षात न येता लिहिलं.) पण राऊत म्हणजेही घोडेस्वारच ना? काका पुन्हा रेघ मारतील.

पटावरचा:
तुम्ही सगळे एक गंमत विसरताय. बुद्धिबळात इंग्रजीत ज्याला नाइट म्हणतात त्याला आपण काय म्हणतो? घोडा! माणूस गायब, नुसतं जनावर ठेवलं. या सिनेमाने नेमकं उलटं केलं, जनावर गायब केलं आणि माणूस ठेवला. त्यामुळे तो मराठीत आणायचा म्हणजे मुळातच अवघड.

खापरपणती:
माझे आजोबा 'सर भांडारकर' म्हणायचे. तो 'सर' म्हणजे नाइटहूडच, ब्रिटिश सरकारने दिलेला किताब. आता सिनेमातल्या एका नाइटचं नाव 'सर लान्सलॉट' असं लिहिलं तर प्रेक्षकांना वाटेल गणिताचे मास्तर.

सिनेमाबद्दलही एक सांगते. मी मागच्या खेपेला चहा पिऊन गेलेल्यांपैकी. (वेगळ्या गावी, वेगळ्या क्लबात. पण सगळीकडे निम्मेच उरतात वाटतं.) मला तो पाचकळ वाटला. अर्धा वेळ नुसती खोगीरभरती, आणि शेवटी तर पोलीस येऊन सगळ्यांना पकडतात आणि रीळ संपतं. हा शेवट आहे का?

खलबत्ता:
घोडा नाही तिथे खोगीर कुठलं आणि भरती कसली? :)
पण शब्द झकास आणलात. खोगीर, तेही 'गीर'वालंच. फारसीत खूय म्हणजे घाम. घाम टिपणारं ते खोगीर.

डोंगरपल्याड:
मी स्कॉटलंडमध्ये राहते. सिनेमातले बरेचसे किल्ले म्हणजे एकटा डून कासल आहे. इतर किल्ल्यांची परवानगी ऐनवेळी रद्द झाली, म्हणून तोच वेगवेगळ्या बाजूंनी दाखवला. तिथल्या ऑडिओ गाइडमध्ये दोन दिग्दर्शकांपैकी टेरी जोन्सचा आवाज आहे. आवारात मोठी माणसं खोबऱ्याच्या वाट्या आपटत पळत असतात, आमचे हेही पळाले. सासूबाई सोबत होत्या. त्यांनी विचारलं, "यांच्याकडे कुणी गेलंय का?"

पाचकळ म्हणू नका हो. तीन लाख पौंडांच्या आत केलेला सिनेमा, त्यातही लेड झेपलिन आणि पिंक फ्लॉइड अशा गाणाऱ्यांनी पैसे घातलेले. नाइटांची चिलखतं म्हणजे विणलेली लोकर, तिला चंदेरी रंग मारलेला. पाऊस पडला की भिजून जड व्हायची म्हणे. याला आमच्या घरी 'कोंड्याचा मांडा' म्हणतात.

खापरपणती:
कोंड्याचा मांडा मान्य, पण मांडा चवीला लागायला हवा ना? माझी तक्रार पैशांबद्दल नाहीच. आणि पाचकळ म्हणजे वाईट असंही नाही. थिल्लर वेगळं, पाचकळ वेगळं. थिल्लरपणात उथळपणा आहे, पाचकळपणात पाणी जास्त झालंय. पातळ आमटी.

जुनापुराणा:
'पाचकळ'चा पाण्याशी संबंध कुठून काढलात?

खापरपणती:
जिभेवरून.

उंबरठा:
या निमित्ताने दुसरी शंका: टिपणाच्या शेवटी 'प्रेक्षकांच्या संमिश्र प्रतिक्रिया' असं लिहिलंय. चालेल?

पागोटे:
अजिबात नको. मराठी वर्तमानपत्रात 'संमिश्र प्रतिसाद' म्हणजे पडला, निर्माता ओळखीचा आहे. सरळ लिहा, 'काहींना अतिशय आवडतो, काहींना मुळीच नाही'. इथे मधले कोणी नसतातच, मग मिश्रण कशाचं?

वारीचा:
उशिरा आलो. हे सगळे पायीच चालतात ना? मग 'पाईक' म्हणा. पाईक म्हणजे पायदळातला शिपाई, आणि तुकोबांचे पाइकाचे अभंग आहेत त्यात धन्यासाठी जीव ओवाळून टाकणारा सेवक. आज 'विचारांचा पाईक' म्हणतो तेव्हाही तीच निष्ठा असते. पाय आहेत, निष्ठा आहे, घोडा नाही. 'आर्थर राजा आणि त्याचे पाईक'.

सोवळे:
'पाईक' संस्कृत पदातीवरून की फारसी पैकवरून, यावर मतभेद आहेत. माझं मत अर्थातच पहिलं.

खलबत्ता:
अर्थातच. माझं दुसरं.

रत्नांग्री:
इतक्या वेळात कोणालाच खटकलं नाही? पहिल्या पोस्टमध्ये 'करवंट्या' आणि वर एका ताईंनी 'खोबऱ्याच्या वाट्या'. दोन्ही एकच नव्हे. वाटीत खोबरं असतं, करवंटी रिकामी. आणि खोबऱ्यासकट फोडलेला अर्धा नारळ म्हणजे आमच्याकडे कवड. खोबरं आत असताना आपटलीत तर आवाज बद्द येतो. टापांचा आवाज हवा तर करवंटी कोरडीच पाहिजे.

सह्यकडा:
आम्ही घाटावर अर्ध्याला भकल म्हणतो. 'नारळाचं भकल'.

रत्नांग्री:
भकल सुपारीचं.

सह्यकडा:
सुपारीचं खांड!

मालवणी मसालो:
आमच्याकडे करटी. करटीचो डवलो करतत, आमटी ढवळूक. घोडो करतत ह्या पहिल्यांदाच आयकलंय.

पटावरचा:
'टापांचा आवाज'वरून आठवलं: 'कोणाची टाप आहे?' यातली टाप ती घोड्याचीच ना? म्हणजे या हद्दीत पाऊल टाकायची हिंमत कोणाच्या घोड्यात आहे, असं काहीसं असावं.

जुनापुराणा:
आकर्षक आहे, म्हणूनच संशय घ्यावा. पुरावा?

पटावरचा:
नाही. पण ऐकायला बरं वाटतं.

उंबरठा:
मंडळी, शुक्रवार उद्यावर आला. मला 'पाईक' पटतोय, काकांना फोन करून विचारतो. कोणाची हरकत?

सह्यकडा:
रत्नांग्री, आजीला आत्ताच विचारलं. ती म्हणते नारळाचंही भकल, सुपारीचंही भकल. खांड म्हणजे त्याहून लहान.

रत्नांग्री:
आजी कुठल्या?

सह्यकडा:
माहेर चिपळूण.

रत्नांग्री:
चिपळूणला कवड म्हणत नाहीत हे मला नवीन आहे. आमच्या आत्याला विचारून सांगतो.