दगडी पाला: तुमचे अनुभव लिहा

बांधावर, वाटेच्या कडेला, भिंतीच्या फटीतसुद्धा उगवणारं हे तण. पानं खरखरीत, कडा करवतीसारख्या. वीतभर उघड्या दांडीवर एकच फूल, मधे पिवळं, भोवती पांढुरक्या पाकळ्या. म्हणून एकदांडी. कुणी कंबरमोडी म्हणतं, कुणी जखमजोडी. ऐकीव नको. जखमेवर याचा पाला स्वतः लावलाय किंवा डोळ्यांदेखत लावलेला पाहिलाय, तेवढंच लिहा. फसलेलंही चालेल.

*

गवत कापताना विळा करंगळीवर बसला. आईने चार-पाच पानं तळहातावर चोळून रस पिळला. असं झोंबलं की कापलेलं परवडलं! रक्त दोन-तीन मिनिटांत थांबलं. पण वरून चिंधी करकचून बांधली होती, त्यामुळे श्रेय कुणाचं, हे मला आजही कळलेलं नाही.

*

आमच्याकडे पाला चावून लावायचे. आता आठवलं तरी कसंतरी होतं. तोंडातले जंतू थेट जखमेत.

*

माझा फसलेला. टाचेत खिळा घुसला, पाला ठेचून आत दाबला. तिसऱ्या दिवशी पाऊल टेकवेना. डॉक्टरांनी आतला चोथा काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि मनसोक्त बोलले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि हवा न पोचणाऱ्या खोल जखमेत वाढतात. मी तर जमिनीलगतचा पाला न धुताच कोंबून वरून बूच मारलं होतं. खरचटल्यावर एक वेळ ठीक, खोल जखमेत अजिबात नाही.

*

केसांना लावला. काही झालं नाही. नंतर कळलं, केसांना लावतात तो माका, तो वेगळा.

*

मला गाजर गवताची ॲलर्जी आहे. याचा रस लावला तर मनगटभर पुरळ. दोन्ही सूर्यफुलाच्याच कुळातली.

*

लोक याला आजीचं औषध म्हणतात, पण ही वनस्पती मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातली. ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स हे शास्त्रीय नाव वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये दिलं. बियांना पिसांसारखे तंतू असतात, वाऱ्यावर कुठेही जातात. अमेरिकेच्या सरकारी यादीत ती आज घातक तण म्हणून आहे. तेव्हा ‘चरक-सुश्रुतांच्या काळापासून’ असं कुणी सांगू लागलं, तर मान डोलवा आणि विषय बदला. उंदरांवर जखम भरण्याचे प्रयोग झालेत, पण त्यावरून माणसाचं ठरत नाही.

*

करंगळीवाल्या ताई, तुमचं वाचून परवा करून पाहिलं. काटेरी कुंपणाने दोन्ही हात ओरबाडले होते. दोन्ही धुतले. एकावर रस, दुसरा नुसता दाबून धरला. रक्त दोन्हींचं थांबलं, साधारण एकाच वेळी. रसाचा हिरवा डाग मात्र अजून गेलेला नाही.