एनएसएफचं रिसर्च सिक्युरिटी ट्रेनिंग नेमकं कुणाला?

प्रश्न: अमेरिकेत एनएसएफला (नॅशनल सायन्स फाउंडेशन, संशोधनाला निधी देणारी सरकारी संस्था) निधीसाठी प्रपोजल पुढच्या आठवड्यात जातंय. दोन को-पीआय (सहप्रमुख संशोधक), एक पीएचडी विद्यार्थी. रिसर्च सिक्युरिटी ट्रेनिंग (संशोधन गैरवापर आणि परकीय हस्तक्षेपापासून जपण्याचं) सगळ्यांना लागतं का?

उत्तर १: प्रपोजलमध्ये सीनियर/की पर्सन (प्रकल्पातली मुख्य माणसं) म्हणून नाव असलेल्या प्रत्येकाला. आता सक्ती आहे. विद्यार्थी त्या यादीत नसेल तर एनएसएफला नको. विद्यापीठाचा नियम मात्र बघून घ्या. ट्रेनिंग सबमिशनच्या आधीच्या १२ महिन्यांतलं हवं. घोळ इथेच होतो: लोक सबमिशनची तारीख बघत नाहीत आणि तेरा महिने जुनं सर्टिफिकेट पुढे करतात.

उत्तर २: ट्रेनिंगची चार वेगवेगळी मॉड्यूल कशाला? सिक्युअर सेंटरचं (संशोधन सुरक्षेवर काम करणारं केंद्र) एकत्रित मॉड्यूल तासाभरात उरकतं. संपल्यावर सर्टिफिकेटची पीडीएफ लगेच उतरवा, तारीख वाचा आणि स्पॉन्सर्ड प्रोग्रॅम्स ऑफिसला (विद्यापीठाचं प्रपोजलं पाठवणारं कार्यालय) पाठवा. को-पीआय दुसऱ्या विद्यापीठातला असेल तर त्याचं आजच मागवा, शेवटच्या दिवशी तोच अडवतो.

उत्तर ३: ट्रेनिंग झालं म्हणजे सुटलात असं नाही हं. पुण्यातल्या संस्थेत मानद प्राध्यापक असाल, दमडी मिळत नसली, तरी ते पद बायोस्केचमध्ये (प्रपोजलसोबत जोडायचा संशोधकाचा परिचय) दाखवावंच लागतं.

प्रश्नकर्ता: एका को-पीआयचं सर्टिफिकेट वर्षापेक्षा जुनं निघालं! आजच करायला लावतो.