रॉ अगावे सिरपमध्ये नक्की काय असतं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

वडिलांना मधुमेह आहे. साखरेऐवजी रॉ अगावे सिरप द्यावं असं घरात चाललंय, पण त्याआधी ते बनतं कसं हे मला नीट समजून घ्यायचंय. वाचून जेवढं कळलं ते लिहिते, चुकत असेल तर सांगा.

मेक्सिकोत निळ्या अगावेची (घायपाताची एक जात) पानं छाटून मधला गड्डा काढतात. अननसासारखा दिसतो म्हणून त्याला तिकडे ‘पिन्या’ (स्पॅनिशमध्ये अननस) म्हणतात. झाड तयार व्हायला बरीच वर्षं जातात. गड्डा किसून-पिळून रस काढतात, पण तो लगेच सिरपइतका गोड नसतो. त्यात मुख्यतः फ्रुक्टान असतात, म्हणजे फ्रुक्टोजच्या (फळांतल्या साखरेच्या) लांब साखळ्या. त्या तोडल्या की गोडी येते. मग रस गाळून, पाणी उडवून दाट करतात.

माझं घोडं इथेच अडलंय. बाटलीवर लिहिलंय, ‘रॉ, ४६ अंशांच्या आत तयार केलेलं’. इतक्या कमी उष्णतेत साखळ्या तुटतात कशा? आणि तुटत नसतील तर सिरप इतकं गोड कसं? शिवाय त्यात इन्युलिनचे (याच फ्रुक्टानचा एक प्रकार) न पचणारे तंतू असतात असंही बाटलीवर सुचवलंय, ते मला पटत नाहीये.

प्रतिसाद १
शंका रास्त आहे. उष्णतेऐवजी तिथे साखळ्या तोडणारं एन्झाइम वापरतात, बहुधा इन्युलिनेज. पाणी निर्वात भांड्यात उडवतात, म्हणून कमी तापमानातही ते निघून जातं. रंग फिकट राहतो, कॅरॅमलची चव येत नाही. साखरेत मात्र फारसा फरक नाही. रॉ आणि नेहमीचं तापवून केलेलं, दोन्ही सिरपांत साधारण पाव भाग पाणी, उरलेल्यात बहुतांश फ्रुक्टोज आणि थोडं ग्लुकोज. साखळ्या जवळजवळ सगळ्या तुटलेल्या असतात, त्यामुळे तंतूंची आशा धरू नका.

ग्लायसेमिक इंडेक्स (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वाढते त्याचा आकडा) कमी असतो हे खरं, कारण फ्रुक्टोज मुख्यतः यकृतात जातं. पण ते जास्त झालं की यकृत त्याची चरबी करतं आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढू शकतात. वडिलांचा रिपोर्ट बघितलात का?

धागाकर्ती
खूप आभार. ट्रायग्लिसराइड आधीच वाढलेले आहेत, म्हणजे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच द्यायचं. अजून एक विचारते: हे साखरेपेक्षा जवळपास दीडपट गोड असतं म्हणतात. मग दोन चमचे साखरेच्या जागी सव्वा चमचा घेतलं, तर फ्रुक्टोज तरीही साखरेपेक्षा जास्तच जाईल ना?

प्रतिसाद १
दोन्हीसाठी चमचा त्याच मापाचा धरला तर हो, थोडं जास्तच. साखरेत फ्रुक्टोज निम्मंच असतं. सिरप घट्ट असल्यामुळे चमच्यात वजनही जास्त मावतं, म्हणून वजन करूनच हिशोब करा.