अमेरिकन मालिकांतली सरमिसळ आपल्याला का आवडते?

रात्रपाळी:
'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' ही हॉस्पिटलातल्या डॉक्टरांची मालिका पहिल्यापासून पुन्हा बघतेय. घरच्यांचं ठाम मत, की अमेरिकन मालिका जगभर चालतात कारण त्यांत सगळ्या रंगांची माणसं असतात. मला हे अर्धवटच पटतं. नुसते चेहरे पाहायला कुणी रात्र रात्र जागतं का?

आळशी_कोळी:
पैसा हो, दुसरं काय! २०१६ मध्ये नेटफ्लिक्स १९० देशांत पोचलं. तेवढ्या गिऱ्हाइकांना एकाच रंगाची माणसं किती दिवस दाखवणार?

खिडकीजवळचा:
कोळीबुवा, २००४ साली 'लॉस्ट' (विमान पडून बेटावर अडकलेल्या लोकांची मालिका) आली तेव्हा नेटफ्लिक्स पोस्टाने डीव्हीडी पाठवत होतं. त्यामुळे सगळं खापर पैशावर नको.

त्यातलं सन-जिन हे कोरियन जोडपं आठवा. आपसात कोरियनच बोलतात. बेटावरच्या बाकीच्यांना ओ की ठो कळत नाही, आपण मात्र खालची अक्षरं वाचून सगळं समजून असतो. वर सनला इंग्रजी येतं हे खुद्द नवऱ्याला माहीत नाही! तेव्हा माझं इंग्रजी यथातथाच. इंग्रजी संवादही मी अक्षरं वाचूनच समजून घ्यायचो. पडद्यावर ज्यांना काही कळत नाही ती माणसं चक्क अमेरिकन आहेत, हे पहिल्यांदा पाहिलं आणि काय गार वाटलं म्हणून सांगू.

त्यातलाच सईद तर इराकी सैन्यातला. इराक युद्ध सुरू होऊन दीड वर्ष झालेलं, आणि अमेरिकन वाहिनीवर सगळ्यांचा जीव त्याच्या रेडिओ दुरुस्तीवर टांगलेला. (भूमिका केली लंडनच्या नवीन अँड्र्यूजने, आईवडील केरळचे. तपकिरी म्हणजे तपकिरी, हा हिशोब तेव्हाही होताच.)

मीच_ती:
तो हिशोब अजून आहे! जुन्या काळच्या इंग्लिश उमरावांच्या 'ब्रिजर्टन' मालिकेचं दुसरं पर्व, २०२२. त्यातल्या भारतातून आलेल्या शर्मा भगिनी. वडील 'अप्पा', थोरली 'दीदी', धाकटी 'बोन' (बंगालीत बहीण). एका घरात तीन भाषांचा काला. शिवाय धाकटीला मराठी येतं आणि ती 'मरुली' वाजवते म्हणे. मुरली असावी बहुतेक. मराठीचं नाव ऐकून मी कान टवकारून बसले, ती बसलेच. पण चिडत चिडत आठही भाग एका बैठकीत संपवले, हेही कबूल करते.

रात्रपाळी:
@मीच_ती 😄

@खिडकीजवळचा, तुमचं वाचून 'ग्रेज'मधली डॉक्टर बेली आठवली. मालिकेची लेखिका शोंडा राइम्सने बहुतेक पात्रांचा वंश कागदावर लिहिलाच नव्हता. बेली मात्र ठेंगणी, सोनेरी केसांची अशी लिहिली होती. मग कृष्णवर्णीय चँड्रा विल्सन आली आणि भूमिका तिची झाली. पहिल्याच भागात ती इंटर्नना पाच नियम सुनावते. ते ऐकताना तिचा रंग माझ्या डोक्यातही नव्हता. आमच्या वॉर्डातली माझी पहिली सीनियर आठवली आणि मी पलंगावर ताठ बसले.