अंगावर उठतं, फुटतं, पडतं : कातडीच्या ओपीडीतले शब्द

गवतीचहा

एका मोठ्या रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात मी समुपदेशक आहे. म्हणजे डॉक्टर आत तीन मिनिटांत जे सांगतात, तेच मी बाहेरच्या बाकावर बसून पंधरा मिनिटं सांगते. सध्या पेशंटला घरी न्यायला मराठी माहितीपत्रकं करायचं काम माझ्याकडे आलंय आणि पहिलंच पत्रक मथळ्यावर अडलंय. 'कोड' लिहू की 'पांढरे डाग'?

अडायला कारण आहे. मागच्या महिन्यात एक हिंदी बोलणाऱ्या बाई अकरा-बारा वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. मुलीच्या ओठाच्या कडेला आणि बोटांच्या टोकांना पांढरं. आमच्या मामांनी नेहमीसारखी हाळी दिली, "कोडवाले तीन नंबरला चला!" बाईंनी मुलीचं मनगट धरलं, केसपेपर बाकावर टाकला आणि सरळ जिना उतरू लागल्या. फाटकापाशी गाठल्यावर कळलं की त्यांना 'कोढ' ऐकू आलं होतं. हिंदीत त्याचा अर्थ कुष्ठरोग. मुलीला घेऊन परत वर यायला त्यांना अर्धा तास लागला आणि तोवर मुलगी एक शब्द बोलली नव्हती.

तर कोड आणि कोढ हे एकच का? असले दगा देणारे शब्द आणखी कोणते?

पिंपळपान

एकच. संस्कृत कुष्ठ, प्राकृतात कोढ, पुढे हिंदी कोढ आणि मराठी कोड. मूळ कुष्ठ शब्दच फार ऐसपैस आहे. चरकसंहितेत कुष्ठाचे अठरा प्रकार आहेत, सात महाकुष्ठं आणि अकरा क्षुद्रकुष्ठं, आणि त्यात दद्रू म्हणजे आपला नायटासुद्धा येतो. (चरक त्याला क्षुद्रात घालतात, सुश्रुत महाकुष्ठात. नायट्याने रात्र रात्र जागलेला माणूस सुश्रुतांच्या बाजूने मत देईल.) पांढऱ्या डागांचं श्वित्र या अठरांत धरलेलं नाही, ते वेगळं सांगितलंय. मराठीने मात्र कुष्ठापासून आलेला शब्द नेमका त्या पांढऱ्यालाच चिकटवला आणि कुष्ठरोगासाठी 'महारोग' घेतला. कोकणात 'रक्तपिती'ही म्हणायचे, तीही फसवी, कारण आयुर्वेदातलं रक्तपित्त म्हणजे नाकातोंडातून रक्त पडण्याचा विकार.

हा गोंधळ आपल्याकडेच आहे असंही नाही. इंग्रजीत या डागांना जुन्या काळी 'पांढरा कुष्ठरोग' अशाच अर्थाचं नाव होतं. युरोपात सोरायसिसही कुष्ठरोगाच्या नावाखाली मोडायचा. व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा यांनी 1841 साली ती दोन नावं वेगळी केली.

कोडकौतुकातलं कोड निराळं. ते प्राकृत 'कोड्ड' म्हणजे कुतूहल, त्यावरून आलेलं.

काजवा

माझ्या अंगावर एकोणीस वर्षं आहेत, म्हणून लिहितो. पत्रकावर 'पांढरे डाग' लिहा. शब्दकोशात कोड चूक नाही, पण तो कधी एकटा येत नाही. आपल्याकडे कोड 'होत' नाही, 'फुटतं'. "त्यांच्या मुलाच्या अंगावर कोड फुटलंय." जणू आत काही पाप दडलेलं होतं ते बाहेर पडलं. आमच्या आत्याबाई हे वाक्य आवाज खाली आणून म्हणायच्या, आणि आवाज खाली आला की मला कळायचं, विषय मी आहे.

घरात आम्ही कोडच म्हणतो, मीही म्हणतो. पण तो आमचा आम्ही म्हणायचा शब्द आहे, मामांनी हाळी देण्याचा नाही.

बोथटसुई

त्वचारोगात एमडी करतोय, दुसरं वर्ष. काजवादादा, तुमचं पटतं, पण ओपीडीच्या बाजूने एक अडचण सांगतो. 'पांढरे डाग' हे पोतं आहे. त्यात कोड येतं, शिबं येतात, लहान मुलांच्या गालावरचे ते फिकट गोल येतात ज्यांना प्रत्येक आई 'जंतांमुळे' म्हणते (जंतांचा काही संबंध नसतो), आणि कुष्ठरोगाचा फिकट चट्टाही येतो. मराठीत 'पांढरा' आणि 'फिकट' असे दोन चांगले शब्द असताना आपण ते ढिले वापरतो. कोड दुधासारखं पांढरं असतं, कारण त्या जागी रंग तयार करणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर, पण पार पांढरा कधी नाही. शंका असली तर आम्ही अंधाऱ्या खोलीत वूडचा दिवा धरतो. त्या जांभळट उजेडात कोड निळसर-पांढरं झगझगतं, खडूने रंगवल्यासारखं. फिकट चट्टा तसा झगझगत नाही. त्या मुलीची आई हा फरक डोळ्यांनी बघती तर निम्मं समुपदेशन तिथेच झालं असतं.

म्हणून मथळा 'पांढरे डाग' ठेवा, पण खाली पहिल्याच ओळीत 'यालाच कोड म्हणतात, हा कुष्ठरोग नाही, स्पर्शाने पसरत नाही' असं लिहा. आमचे नेहमीचे पेशंट तर रोगाचं नावच घेत नाहीत. "लाइट घ्यायला आलोय" म्हणतात. आठवड्यातून दोन-तीनदा अतिनील किरणांच्या पेटीत उभं राहायचं असतं, त्याला.

तिरफळ

काजव्याने 'फुटतं' काढलं म्हणून सुचलं. इंग्रजीत सगळे रोग 'असतात'. आपल्याकडे प्रत्येकाचं क्रियापद वेगळं. गांधी उठतात, चाई पडते, गोवर निघतो, देवी येतात, चिखल्या होतात, नायटा पसरतो. तोंडही येतं आणि डोळेही येतात, ते तर आधीपासून होतेच की! परक्याला मराठी शिकवताना मी इथे नेहमी तोंडघशी पडतो.

नायट्यावरून आठवलं. टाकळ्याला संस्कृतात 'दद्रुघ्न' म्हणतात, नायट्याचा नाश करणारा. आमच्या कोकणात पहिल्या पावसाबरोबर रस्त्याकडेला उगवतो आणि आम्ही त्याची भाजी खातो. नायट्यावर उपयोग होतो का ते डॉक्टरांनी सांगावं, भाजी लसूण घालून झकास होते.

बोथटसुई

भाजी खा, नायट्यावर औषध आमच्याकडून घ्या.

पण तिरफळ, क्रियापदांचं तुम्ही बोललात ते थट्टेवारी नाही, त्यावर आमचं निदान चालतं. पेशंट म्हणाला "अंगावर उठतं आणि बसतं", की माझं अर्धं काम झालं. शीतपित्ताची एकेक गांध चोवीस तासांच्या आत बसते, मागे खूणही ठेवत नाही, आणि दुसरीकडे नवी उठते. म्हणून पेशंट समोर येतो तेव्हा अंग बऱ्याचदा साफ असतं आणि बिचारा ओशाळतो, "आत्ता नाहीये डॉक्टर, पण शप्पथ, रात्री होतं." मी बॉलपेन काढून सांगतो, आज उठली की कडेने गोल मारा आणि वेळ लिहा. उद्या त्याच गोलात तीच गांध असेल आणि काळंनिळं झालं असेल, तर गोष्ट निराळी. मग रक्तवाहिन्यांच्या सुजेचा विचार करावा लागतो, तुकडा काढून तपासावा लागतो. उठणं-बसणं हे आमच्या पुस्तकात अर्धं पान आहे, मराठीत दोन शब्द.

याच रोगाचं नाव मात्र घोळ घालतं. 'अंगावर पित्त'. माणूस औषधाच्या दुकानात जाऊन "पित्ताची गोळी द्या" म्हणतो, दुकानदार ॲसिडिटीची देतो. दोघांचंही मराठी बरोबर. खाज तशीच. मग घरी आमसुलाचं पाणी.

गवतीचहा

याच्या उलटही होतं. कधी शब्द नेमका असतो, पण तो उच्चारायला सगळे लाजतात. खरूज! 'खरजुलं कुत्रं' ही शिवी असलेल्या भाषेत आईला "तुमच्या बाळाला खरूज आहे" म्हणवत नाही. मग सौम्य म्हणून 'ॲलर्जी' म्हटलं जातं. ॲलर्जी तर एकट्याची असते, त्यामुळे मलम एकट्यालाच लागतं. खरजेचा किडा मात्र घरभर फिरलेला असतो. घरातल्या सगळ्यांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री मानेपासून तळव्यापर्यंत मलम लावायचं, सकाळी धुवायचं, आठवड्याने पुन्हा. हे 'ॲलर्जी' म्हटल्यावर कोण करेल? पंधरा दिवसांनी तेच कुटुंब परत, आता पाचजण बोटांच्या बेचक्या खाजवत.

म्हणून त्या पत्रकावर मी ठळक 'खरूज' लिहिणार आहे. कोडाला एक न्याय आणि खरजेला दुसरा, हे मला दिसतंय. पण 'पांढरे डाग' म्हटल्याने कुणाचा उपचार चुकत नाही, 'ॲलर्जी' म्हटल्याने चुकतो.

पिंपळपान

जाता जाता, खाज आणि खरूज सख्ख्या बहिणी. दोघीही संस्कृत 'खर्जू'च्या.

काजवा

नागीण राहिली. आमच्या गावी अजून काव लावून घेतात. तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो म्हणतात.

बोथटसुई

जुळत नाहीत आणि त्यामागे गंमत आहे. कांजिण्यांचा विषाणू पाठीच्या कण्याजवळ नसेच्या मुळाशी वर्षानुवर्षं झोपून राहतो आणि पुढे कधीतरी त्या एकाच नसेच्या वाटेने कातडीवर येतो. नस अंगाच्या एकाच बाजूला पोचते, म्हणून फोडांचा पट्टा पाठीच्या कण्यापासून निघतो आणि छातीच्या मध्यावर थांबतो. लोकांनी आकार अचूक पाहिला, अर्थ भयंकर लावला. कावेवर माझा राग नाही, तिच्यात जाणाऱ्या दिवसांवर आहे. गोळ्यांचा फायदा पहिल्या 72 तासांत सुरू केल्या तर जास्त, आणि पेशंट येतो पाचव्या दिवशी, लाल रंगून. उशीर झाला म्हणून येऊ नये असं मात्र नाही.

नायट्याबद्दल एकच. 'ट्यूब' हा शब्द मराठीतून हद्दपार झाला पाहिजे. "ट्यूब लावली की तीन दिवसांत बसतं, सोडली की दुप्पट" असं कुणी म्हणालं की त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असणार हे न बघता सांगता येतं. 2018 साली सरकारने अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी मिळतात. त्यांनी नायट्याची लाल कडा पुसली जाते, मग आम्हालाही तो ओळखू येत नाही आणि खपली खरवडून काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे शोधत बसावं लागतं.

गवतीचहा

तीन पत्रकं झाली, चौथ्यावर पुन्हा अडले. कुष्ठरोग. 'महारोग' नको हे ठरलंच आहे, वरोऱ्याच्या संस्थेच्या नावात 'महारोगी सेवा समिती' आहे ती तिच्या काळाची खूण म्हणून राहू दे. अडचण 'बधिर चट्टा' या शब्दाची आहे. सगळ्या भिंतींवर तोच रंगवलाय. काल एका आजोबांनी मला विचारलं, "बधिर म्हणजे कान ना? मग माझं पायाचं कशाला बघता?" त्यांचा शब्द होता 'मेल्यागत'. "इथं मेल्यागत झालंय." मी पत्रकात तोच घेतलाय, 'स्पर्श न समजणारा, मेल्यासारखा चट्टा' असा.

पुढची गंमत तपासणीत झाली. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि कापसाचं टोक चट्ट्यावर टेकवत विचारत राहिले, "कळतंय का?" आजोबा दर वेळी "कळतंय, कळतंय". कापूस लावलेला नसतानाही "कळतंय". डॉक्टरांचं बोलणं कळतंय, असं ते म्हणत होते.

आता आम्ही विचारतच नाही. डोळे मिटा आणि जिथे हात लागेल तिथे बोट ठेवा, एवढंच सांगतो. आजोबांचं बोट चट्ट्याच्या कडेपर्यंत बरोबर आलं, आणि मग कापूस चट्ट्यावर असताना बराच वेळ मांडीवरच राहिलं.