मोरी पुन्हा बांधून झाली. डोंगरभागातील मुक्कामी एसटी सुरू करून घेण्यासाठी काय करावे?

डोंगरवाट:
सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरभागात आमचे गाव असून त्याच्या वरच्या अंगाला तीन वाड्या आहेत. तालुक्याच्या ठिकाणाहून संध्याकाळी येणारी, रात्री गावातच मुक्काम करणारी आणि सकाळी परत जाणारी एसटी ही आमची एकमेव गाडी होती. अतिवृष्टीत ओढ्यावरची मोरी खचली, तेव्हा ती बंद करावी लागली. आता मोरी नव्याने बांधून झाली आहे, रस्त्याचे डांबरीकरणही झाले आहे. फेरी मात्र अद्याप सुरू व्हायची आहे.

सध्या सगळी मदार वडापवर, म्हणजे खासगी जीपवर आहे. जीप भरल्याशिवाय निघत नाही आणि संध्याकाळची शेवटची जीप कनिष्ठ महाविद्यालय सुटण्याआधीच स्टँडवरून हलते. त्यामुळे बारावी विज्ञानाच्या मुली रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक अर्धवट सोडून, नोंदवहीवर शिक्षकांची सही न घेताच पळत सुटतात. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, महिलांना मार्च 2023 पासून अर्धे तिकीट आहे; पण गाडीच येत नसेल, तर या सवलती आमच्यासाठी कागदावरच राहतात. ग्रामीण रुग्णालयातून दरमहा रक्तदाबाच्या गोळ्या आणायला जाणाऱ्या आजींना जाण्यायेण्याचे पूर्ण भाडे मोजावे लागते.

अर्ज कोणाकडे करावा आणि सोबत काय जोडावे? लोकप्रतिनिधींचे पत्र मिळाले की काम होते, असे गावात म्हणतात. ते पुरेसे आहे का?

जुना नियंत्रक:
मी एसटीच्या वाहतूक शाखेतून निवृत्त झालो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पत्राचा उपयोग होतो, परंतु केवळ पत्रावर सुरू झालेली फेरी प्रवासी नसतील तर फार काळ टिकत नाही. अर्ज आगार व्यवस्थापकांकडे द्या, त्याची प्रत साताऱ्याच्या विभाग नियंत्रकांना पाठवा आणि दोन्हींवर पोहोच घ्या. सोबत ग्रामसभेचा ठराव जोडा. वाड्या दुसऱ्या ग्रामपंचायतीत येत असतील, तर त्यांचाही ठराव घ्या. रस्ता ज्या खात्याकडे आहे, मग ते जिल्हा परिषदेचे बांधकाम खाते असो की सार्वजनिक बांधकाम विभाग, त्यांच्याकडून मोरी आणि रस्ता प्रवासी भरलेल्या बसच्या वाहतुकीस योग्य असल्याचे लेखी घ्या. आपल्या बाबतीत हा कागद सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण फेरी मोरीमुळे बंद झाली आणि ती दुरुस्त झाल्याचे आगाराला लेखी कळवले गेले आहे की नाही, हे आपल्या लिखाणातून समजत नाही. गाडी वळवायला मोकळी जागा आहे का आणि वळणांवर झाडांच्या फांद्या छताला लागतात का, हे पाहणीला माणूस येण्याआधी आपणच पाहून घ्या.

आता प्रवाशांच्या आकड्यांविषयी. आगारात प्रत्येक फेरीचे भारमान, म्हणजे गाडी किती भरते ते, आणि किलोमीटरमागचे उत्पन्न पाहिले जाते आणि हे आकडे वाहकाच्या तिकीट यंत्रातून निघतात. ज्येष्ठांच्या मोफत प्रवासालाही शून्य रकमेचे तिकीट निघते आणि सवलतीच्या रकमेची प्रतिपूर्ती शासनाने महामंडळाला करायची असते. म्हणून "मला फुकट आहे, तिकीट कशाला" असे म्हणणारे आजोबा नकळत स्वतःच्याच गाडीचा एक प्रवासी कमी करतात. हे गावात आवर्जून सांगा. पासधारक विद्यार्थ्यांची मोजणी कशी होते, हेही आगारात विचारून घ्या आणि महाविद्यालयाकडून आपल्या मार्गावरील विद्यार्थ्यांची यादी घेऊन अर्जाला जोडा.

राज्य परिवहन महामंडळ ज्या 1950 च्या कायद्याखाली चालते, त्याच्या 18 व्या कलमात कार्यक्षम, पुरेशी आणि काटकसरीची सेवा देणे हे कर्तव्य सांगितले आहे आणि 22 व्या कलमात व्यवसायाच्या तत्त्वांवर काम करण्यास सांगितले आहे. आगार व्यवस्थापकाला ही दोन्ही कलमे एकाच वेळी सांभाळायची असतात. आपल्या अर्जाने त्याचे हे काम सोपे केले पाहिजे.

सातपुड्यातील शिक्षिका:
वरील सल्ल्याला माझ्या अनुभवाची जोड देते. मी नंदुरबार जिल्ह्यात शिकवते. आमच्याकडे मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस मुलींना शाळेत ने-आण करतात. ती योजना राज्यातील 125 तालुक्यांपुरती आहे, परंतु पाचवी ते बारावीच्या ग्रामीण विद्यार्थिनींसाठीचा अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास राज्यभर लागू आहे, तेव्हा आपल्या मुलींना तो मिळायलाच हवा. 2024 पासून हे पास शाळा-महाविद्यालयातच देण्याची मोहीम सुरू झाली. प्राचार्यांनी यादी दिली की आगाराचे कर्मचारी तिथे येऊन पास देतात.

मला सर्वांत जास्त कळकळीने सांगायचे आहे ते वेळेविषयी. शाळा पाच वाजता सुटत असेल आणि गाडी पावणेपाचला निघत असेल, तर ती रिकामी जाते आणि नोंद मात्र "प्रवासी नाहीत" अशी होते. आमच्या एका मार्गावर हेच होत होते. शाळेने घंटेचे वेळापत्रक शिक्क्यानिशी दिले आणि गाडी अर्धा तास पुढे सरकली, तेव्हा त्याच मुली त्याच गाडीत उभ्याने येऊ लागल्या. म्हणून अर्जात नुसती "फेरी सुरू करावी" अशी मागणी करू नका. प्रात्यक्षिके किती वाजता संपतात, रुग्णालयाची बाह्यरुग्ण तपासणी केव्हा असते आणि आठवडी बाजार कोणत्या वारी भरतो, हे सर्व मांडून नेमकी वेळ मागा.

फाट्यावरचा:
मुक्कामी गाडीचाच आग्रह धरावा का, याचा विचार करा. चालक-वाहकांना रात्रभर गावात राहावे लागते आणि पुष्कळ गावांत त्यांना मंदिराच्या ओवरीत झोपावे लागते, हे काही बरे नाही. संध्याकाळी येऊन परत जाणारी आणि सकाळी पुन्हा येणारी गाडी मागितली, तर ती लवकर मिळेल असे मला वाटते.

जुना नियंत्रक:
ओवरीबद्दल आपण म्हणता ते रास्त आहे. परंतु आपण सुचवता त्या पद्धतीत रात्री एकदा आणि सकाळी एकदा गाडी घाटातून जवळजवळ रिकामी न्यावी लागते आणि तेवढ्या किलोमीटरचे डिझेल वाया जाते. मुक्कामी गाडीत ते वाचते. त्यामुळे मुक्कामच मागावा, मात्र ग्रामपंचायतीने कुलूप लागेल अशी खोली, दिवा, पाणी आणि शौचालय देण्याचे ठरावातच लिहून द्यावे. असा ठराव हाती असला की कर्मचारीही ती कामगिरी खुशीने घेतात.

आणखी एक. जुलै 2024 पासून "प्रवासी राजा दिन" हा उपक्रम सुरू झाला असून, त्यात विभाग नियंत्रक ठरलेल्या सोमवारी व शुक्रवारी आगारात बसून प्रवाशांचे लेखी म्हणणे ऐकतात. आपल्या आगाराची तारीख स्थानकावरील वाहतूक नियंत्रकांकडून विचारून घ्या आणि त्या दिवशी सरपंच, एक पालक आणि शक्य असल्यास महाविद्यालयाचा प्रतिनिधी असे तिघे जा.

डोंगरवाट:
सर्वांचे मनापासून आभार. मोरी वाहतुकीस योग्य असल्याचा लेखी कागद आमच्यापैकी कोणी घेतलेलाच नव्हता. तो उद्याच बांधकाम खात्याकडे मागतो. मुक्कामासाठी जुन्या बालवाडीची खोली मोकळी आहे, फक्त तिचे छत पावसाआधी शाकारावे लागेल. ताई, महाविद्यालयाची प्रात्यक्षिके पाच वाजून दहा मिनिटांनी संपतात आणि स्टँडपर्यंत चालत पंधरा मिनिटे लागतात, तेव्हा पावणेसहाची वेळ मागितली तर चालेल ना?

सातपुड्यातील शिक्षिका:
पावणेसहा योग्य आहे. फक्त शनिवारी महाविद्यालय सकाळचे असते का, ते पाहा आणि तसे असेल तर त्या दिवसाची वेळ अर्जात वेगळी लिहा.