प्रतिसाद: श्रद्धेबद्दल बोलायचा संकोच

एकाने विचारलंय की शेजाऱ्यापाजाऱ्यांत येशूबद्दल बोलायचं म्हटलं की जीभ अडखळते, लोक म्हणतील "आला धर्मांतर करायला". भीती खोटी नाही. पण विषय आपणच काढायला हवा असं कुणी सांगितलं? बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) तर कुणी आशेचं कारण विचारलं की उत्तर द्यायला तयार राहा, आणि तेही सौम्यपणे, आदराने, एवढंच म्हटलंय.

आणि आपल्याकडे लोक विचारतातच हो! राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो आणि चर्चमध्ये कपाळावर राख लावतात त्या दिवशी, मी ती राख न पुसता वेंगुर्ल्याच्या बाजारात गेलो. नेहमीची मासेवाली बांगडे मोजता मोजता थांबली. "कपाळाक काय लागला रे?" मग म्हणे, "श्रावण खंय आणि तुमचा मटान आताच बंद कशाक?" उपवासकाळ, क्रूस, ईस्टर, सगळं दोन मिनिटांत सांगून झालं. तिने ऐकलं, वर एक बांगडा जास्त घातला. (तो श्रद्धेमुळे नव्हे, गिऱ्हाईक जुनं म्हणून.)

भाषेचं म्हणाल तर चर्चमधली जड मराठी घरीच ठेवा. कवी नारायण वामन टिळक आपल्याच कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण ख्रिस्ताची गोष्ट सांगितली ती अभंगातून, कीर्तनातून.

येशूबद्दलची पत्रकं वाटा, अशीही सूचना कुणी केलीय, ती मात्र मला पटत नाही. अनोळखी माणसाच्या हातात कागद कोंबून काय साधणार? शेजारी आजारी असेल तर पेज नेऊन द्या. तेव्हा प्रवचन नको. प्रार्थना करू का, असं विचारावं, नको म्हणाले तर पेज देऊन घरी यावं.